आडवा हात

ताईने ट्रे पुढे केला आणि क्रेनवाल्याने हात आडवा केला.

"आत्ता नको," तो म्हणाला.

सभागृह खच्चून भरलं होतं. खुर्च्या मिळाल्या नाहीत ते भिंतीला टेकून उभे होते, आणि सगळ्यांच्या नजरा त्या ट्रेवर होत्या, कारण ट्रेमधलं पाणी साधं नव्हतं. ते ताईच्या विहिरीचं होतं. तिने ते घरून स्टीलच्या भल्यामोठ्या जगमधून आणलं होतं, सगळ्यांसमोर ग्लासात ओतलं होतं आणि पहिला ग्लास घेऊन ती आपल्या धाकट्या भावापाशी, या क्रेनवाल्यापाशी, आली होती. कल्पना तिचीच. त्याला तिने सांगितलं नव्हतं, गंमत म्हणून.

सभा गावाची पाण्याबद्दलची भीती घालवायला बोलावली होती. त्याआधी क्रेनवाला माइकवर बोलला होता, आणि झकास बोलला होता. अणुभट्टीतला कचरा काचेत कसा गोठवतात, ती काच पोलादी डब्यात, डबा तांब्याच्या जाड नळकांड्यात, आणि ते नळकांडं डोंगराच्या पोटात, खडकातल्या भोकात तो स्वतः क्रेनने कसं उतरवतो, भोवती चिकणमाती कशी ठासून भरतात. लोक मन लावून ऐकत होते. शेवटी तो म्हणाला होता, "माझी सख्खी बहीण त्या बोगद्याच्या तोंडापाशी राहते. पाणी खराब असतं तर मी तिला तिथे राहू दिलं असतं का?" यावर टाळ्या पडल्या होत्या.

आणि आता हा हात.

तो हातही निभावून नेता आला असता. हसून ग्लास उचलला असता, "विसरलोच की!" म्हणून गटागटा प्यायला असता, तर विषय तिथेच मिटता. पण त्याने वळून पहिल्या रांगेतल्या जनसंपर्कवाल्या मॅडमकडे पाहिलं. पिऊ का, असं. मॅडमनी भुवया उंचावून मान हलवली, म्हणजे प्या, प्या की! आणि हे ताईने पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"चला," मागून किराणा दुकानदार म्हणाला, "उत्तर मिळालं. घरी जाऊ या."

क्रेनवाल्याने माइक ओढून घेतला. खुलासा खरा होता आणि सोपा होता. खाली बोगद्यात काम करणाऱ्यांना पहिल्या दिवशी एक गोष्ट घोटून शिकवतात: अंगावर गणवेश असेपर्यंत तोंडाला काही लावायचं नाही. पाण्याचा थेंबही नाही. वर यायचं, कपडे उतरवायचे, हात धुऊन किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रात घालायचे, हिरवा दिवा लागला की मग घोट. इतकी वर्षं तो तसंच करत आला होता. आज सभेला गणवेशात या, लोकांवर छाप पडते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. कोठारातला कोरा गणवेश काढून दिला होता, कधीही खाली न गेलेला. पण हाताला कोरं-वापरलेलं काय कळतं? बाही मनगटावर होती, ग्लास समोर आला, हात आपोआप आडवा झाला.

"म्हणजे आम्ही पाणी प्यायच्या आधी कपडे बदलायचे का?" दुकानदाराने विचारलं.

हशा पिकला. क्रेनवाला पुन्हा समजावू लागला, आणि जितकं समजावत गेला तितका गाळात रुतत गेला. अखेर त्याने ग्लाससाठी हात पुढे केला तेव्हा ट्रे तिथे नव्हता. ताई ग्लास गोळा करत होती. भरलेले ग्लास तिने एकेक करून जगमध्ये रिकामे केले, जगवर झाकण ठेवलं आणि गर्दीतून वाट काढत ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी बोगद्यात बातमी त्याच्या आधी उतरली होती.

"काय राव," माती भरणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणाला, "बहिणीचं पाणी चालत नाही आणि माझ्या डब्यातलं बरं चालतं!"

सगळे हसले, तोही हसला. हसण्यावारी नेण्याखेरीज दुसरा मार्ग काय होता? मग तो क्रेनच्या खोलीत जाऊन पडद्यासमोर बसला. सकाळीच नळकांडी घेऊन गाड्या आल्या होत्या, पुढे-मागे पोलिसांच्या जीपा, मध्ये गोगलगायीच्या चालीने येणारा लांबलचक ट्रक. ताईच्या घरावरूनच त्यांचा रस्ता. गाड्या दिसल्या की ताई हातातलं काम टाकून फाटकाशी यायची आणि हात हलवायची. "अगं, मी खाली असतो, ट्रकमध्ये नसतो," असं त्याने तिला कितीदा सांगितलं होतं. "असू दे, तुझ्याकडेच चाललेत ना," ती म्हणायची. ट्रकचा ड्रायव्हर क्रेनवाल्याला ओळखायचा, तो भेटला की सांगायचा. आज त्याने काही सांगितलं नाही.

पडद्यावर नळकांडं हळूहळू भोकात उतरत होतं. झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं, तसं ते टेकवायचं असतं. त्याने ते तसंच टेकवलं. हात अजिबात चुकला नाही. या हाताचा त्याला आजवर अभिमान होता, आज तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. वर आल्यावर हिरवा दिवा लागला, त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि न पिताच तिला परत झाकण लावलं. लाज वाटत होती. नियम पाळल्याची लाज कशी वाटेल? पण वाटत होती, आणि ती नियमाची नव्हती. मॅडमकडे पाहिल्याची होती. ताईच्या हातचं घ्यायला त्याने परक्या बाईची परवानगी मागितली होती.

सुटीच्या दिवशी दुपारी तो ताईकडे गेला. दुकानावरून जायचं नको म्हणून मागच्या गल्लीने गेला.

व्हरांड्यात प्रवासी बॅग उभी होती, तिच्यावर घडी केलेलं स्वेटर. भाचेसून खुर्चीत बसली होती, दिवस भरत आले होते म्हणून जरा मागे रेलून. गाव सोडायचं की नाही यावर या घरात उन्हाळ्यापासून धुसफुस चालली होती. इथे बाळंतपण नको, मूल या पाण्यावर वाढायला नको, असं तिचं म्हणणं. भाचा मध्ये सापडलेला. ताई मात्र एकाच वाक्यावर अडून होती: माझा भाऊ खाली काम करतो, तो खोटं बोलणार नाही. त्या एका वाक्यावर सून आजवर थांबली होती.

"मामा, बसा ना," ती म्हणाली. "हे गाडीत पेट्रोल भरायला गेलेत."

"कुठे निघालात?"

"आईकडे. तिकडे यांना कामही मिळेल बहुतेक."

म्हणजे बाळंतपणापुरतं नव्हतं. त्याने बॅगेकडे पाहिलं. ताई आतून आली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाळलास रे. आत ये."

ती रागावलेली असेल, याची तयारी करून तो आला होता. शिव्या खायच्या, पाय धरायचे, मग हसवायचं, असं सगळं त्याने वाटेत ठरवलं होतं. पण राग कुठे दिसेना. स्वयंपाकघरात तिने त्याला बसायला स्टूल दिलं, कपाट उघडलं आणि पाण्याची सीलबंद बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"दुकानातून आणली. तुझ्यासाठी."

"ताई, मी विहिरीचंच पिणार आहे."

"असू दे रे. उगाच कशाला?"

त्यात टोमणा नव्हता, टोमणा असता तर बरं झालं असतं. लहानपणी दुधावरची साय ती त्याच्या वाटीत घालायची आणि स्वतः खालचं दूध घ्यायची, तेव्हाही ती अशीच बोलायची.

"आणि तू? तू काय पितेस?"

"माझं काय आता! मला आमचं चालतं."

"ताई, पाणी चांगलं आहे. अगदी स्वच्छ आहे. त्या दिवशी फक्त सवयीने..."

"सांगितलंस ना तू. मी तिथेच होते, ऐकलं सगळं. तुझ्यावर विश्वास आहे माझा."

हे ती भिंतीकडे बघून म्हणाली.

तो उठला. फळीवरचा ग्लास घेऊन त्याने नळ सोडला. हे विहिरीचंच पाणी, पंपाने टाकीत चढवलेलं. भाचेसून दाराशी येऊन उभी राहिली होती. बरं झालं, त्याला वाटलं, तिनेही पाहू दे. त्याने ग्लास एका दमात रिकामा केला. पाणी थंड होतं, गोड होतं, वर्षानुवर्षांच्या ओळखीचं होतं. त्याने दुसरा भरला, तोही संपवला, ओठांवरून ओघळलेलं पाणी बाहीने पुसलं आणि दोघींकडे पाहून हसला.

"बघ. झालं काही?"

कुणी हसलं नाही. त्याने तिसरा भरून तोंडाला लावला आणि ताईने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. रस्त्यात वाहनासमोर धावणाऱ्या पोराला धरावं, तसं.

"पुरे," ती म्हणाली. "पुरे कर रे. माझ्यासाठी जिवाशी खेळू नकोस."

"ताई, अगं..."

"मला कळलं. तू माझी लाज राखायला आलास. पोचलं मला. आता बास कर, पाया पडते तुझ्या."

तिचे डोळे भरले होते. ग्लासातलं पाणी हिंदकळून दोघांच्या हातांवर सांडलं. तिने आधी पदराने त्याचा हात कोरडा केला, एकेक बोट करून, नीट, आणि आपला तसाच ओला ठेवला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. भाचेसून दारातच उभी होती, सासूकडे बघत. जायचं म्हणून ठरलं असलं तरी, ताई निदान एकदा तरी अडवेल असं तिला वाटत असावं.

ताईने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि मागे न वळता म्हणाली,

"तू निघ गं पोरी. उजेड आहे तोवर पोहोचशील."