कॅमेऱ्याचा चंदेरी चष्मा

मित्रांनो, कॅमेऱ्यालाही चष्मा लागतो, बरं का! सूर्याचा फोटो काढताना भिंगापुढे जो चंदेरी चष्मा बसवतात, तो मी. लोक मला फिल्टर म्हणतात. मी आता जुना झालोय, पण माझा तोरा काही कमी झालेला नाही.

माझा जन्म भोपाळच्या पिपलानीतला, २०१९ च्या डिसेंबरमधला. कारखान्यातून निवृत्त झालेल्या श्रीकांत आजोबांनी सूर्य पाहण्यासाठीच बनवलेली खास फिल्म मागवली आणि मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात घट्ट बसवली. त्यांची नात जुई तेव्हा सात वर्षांची होती. तिला त्यांनी बजावलं, "हा भिंगाच्या पुढेच लावायचा. मागे, डोळ्यापाशी धरायचा नाही. भिंग ऊन गोळा करतं, डोळा जाईल." त्या ग्रहणात मी एवढं ऊन थोपवलं, की फोटोत सूर्य कुरतडलेल्या बिस्किटासारखा दिसला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी फुगून गेलो.

मग जवळजवळ तीन वर्षं मी कपाटात पडून होतो. २०२२ च्या दिवाळीत सिंधू आजींनी साफसफाई काढली. त्यांना घरात कळकट काही चालत नाही. देवघरातली चांदीची निरांजनं घासता घासता त्यांनी मलाही पुढ्यात ओढलं आणि त्याच पावडरीने चोळचोळ चोळलं. मला तर लाडच वाटले! अंगावरचा ऊन अडवणारा चंदेरी थर जागोजागी उडाला, हे मला कळलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी, संध्याकाळी सूर्याला ग्रहण लागलं. जुई कॅमेरा घेऊन अंगणात धावली. तिने मला भिंगापुढे बसवलं, कॅमेरा सूर्याकडे वळवला आणि ती डोळा लावायला वाकली.

"थांब!" आजोबा ओरडले. "आधी दिव्यासमोर धरून बघ."

"अरे यार, आजोबा! सूरज डूब जाएगा! नंतर बघू ना."

"नंतर नाही. कारखान्यात तपासल्याशिवाय मी एक बोल्टसुद्धा पुढे जाऊ दिला नाही."

त्यांनी मला काढून घेतलं आणि घरात नेऊन दिव्यासमोर धरलं. माझ्या अंगातून उजेडाचे बारीक बारीक ठिपके चमकले. त्या ठिपक्यांतून ऊन थेट जुईच्या डोळ्यात शिरलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजी मागेच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "मीच घासला हो तो. चांदीचा वाटला मला. माझ्यामुळे पोरीचा डोळा गेला असता!"

जुईने त्यांना मिठी मारली. "आजी, तू मुद्दाम थोडीच केलंस?"

"सिंधू, रडू नकोस. बुंदीचा झारा आण," आजोबा म्हणाले.

ग्रहणात आजी कधी उंबरठा ओलांडत नसत. पण त्या दिवशी झारा घेऊन त्या अंगणात आल्या आणि सूर्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. झाऱ्याच्या भोकांमधून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर कितीतरी छोटे सूर्य पडले, प्रत्येकाचा एक लचका तोडलेला. जुईनेही सूर्याकडे पाठ केली आणि त्या भिंतीचे फोटो काढले. त्यात आजींचा बांगड्या भरलेला हातसुद्धा आला आहे. माझ्या फोटोपेक्षा हा फोटो सुंदर आहे. हे मान्य करताना मला थोडं जड जातं.

ग्रहण सुटल्यावर आजोबा मला पुन्हा कपाटात ठेवू लागले. स्वतःच्या हाताने बनवलेली वस्तू टाकवेना त्यांना. जुई म्हणाली, "आजोबा, पुढच्या ग्रहणाला कुणी न बघता लावला तर?"

आजोबांनी कपाट बंद केलं आणि मला टेबलावर ठेवलं. मग त्यांनी कात्री मागितली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला टाकू नका, जपून ठेवा. माझी विनवणी उलटी आहे. माझ्यासारख्याला दरवेळी दिव्यासमोर धरून तपासा. एक ठिपका जरी दिसला, तरी गय करू नका. आजोबांनी कात्री आता माझ्या कडेला लावलीय. आजोबा, कापा. जुईचे डोळे माझ्यापेक्षा मोलाचे आहेत.