आरशावरचा मटार

बसथांब्यामागच्या मोकळ्या जागेत सगळ्या गल्लीने मिळून भाज्या लावल्या, पण त्यात आगाऊ निघाला तो ड्रायव्हरबाईंचा मटार. पठ्ठ्या कुंपण ओलांडून बंद पडलेल्या बसच्या आरशालाच बिलगला आणि शेंगांनी लगडला. बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात.

तेवढ्यात मेस्त्री आला. "बाई, गाडी दुरुस्त झाली. काढा बाहेर."

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. "अहो, आठ दिवस थांबा की! दाणे भरतायत."

"डोकं फिरलंय का? साहेब माझी सालटी काढतील!" असं ओरडत मेस्त्रीने एक शेंग सोलून तोंडात टाकली. मग दुसरी. मग मूठभर. शेवटी चघळतच त्याने वहीत लिहिलं, 'आरशात मागचं दिसत नाही. आठ दिवस लागतील.'

बाई वहीत डोकावल्या. "दहा करा. वर अजून फुलं आहेत."