मानेपासून खाली

रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि दिराने टीव्ही लावला. त्याला माहितीपटांची भारी हौस. बघायचा कमी, शेरे मारायचा जास्त. सोफ्यावर तो आणि त्याचा मोठा भाऊ, खाली भावाची कॉलेजात जाणारी मुलगी, आणि दाराशी हात नसलेल्या खुर्चीत वहिनी. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. दीर तिथे हाका मारत यायचा, म्हणून दुकानातही सगळे तिला वहिनीच म्हणत.

माहितीपट देशातल्या वाढत्या लठ्ठपणावर होता. निवेदकाचा आवाज असा, जणू शत्रू दाराशी येऊन उभा राहिलाय. आधी आलेख आले, मग एक डॉक्टर आले आणि मग रस्ता. रस्त्यावरची माणसं मानेपासून खालीच दिसत होती. पोटं चालत होती, पाठी चालत होत्या. डोकं एकालाही नव्हतं.

"बघ बघ दादा, ही आली!" दीर ओरडला. "अख्खी काच व्यापली की बाईने! टीव्ही मोठा घ्यावा लागणार तुला."

दादा खो खो हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

वहिनीही हसणारच होती. आपण आधी हसलं की दुसऱ्याचं हसू कमी बोचतं, हे ती शाळेतच शिकली होती. पण त्या बाईच्या खांद्याला हिरवी पिशवी होती, पांढऱ्या पक्ष्यांची. उरलेल्या पडद्याच्या कापडातून वहिनीने ती स्वतः शिवली होती.

ती बाई पुलाच्या पायऱ्यांवर थांबली. एक हात कठड्यावर, दुसऱ्याचा कोपर वर उचललेला. निवेदक म्हणाला, "चार पायऱ्या चढणंही आता यांना जड जातं."

दादाचं हसू एकदम थांबलं. त्याने रिमोट चाचपला. "दुसरं काहीतरी लावू या."

"थांब ना, आत्ता कुठे रंगतंय!"

मुलीने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मान खाली घातली. वहिनी उठून चहा टाकायला गेली. मुलगी मागोमाग आली.

"आई, ती..."

"मीच ती. साखरेचा डबा दे."

दुसऱ्या दिवशी दुकानातून तिने त्या टीव्ही चॅनेलला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलली. "चेहरा दाखवलेला नाही ना, मॅडम? मग ओळख उघड होतच नाही."

"माझ्या पोरीने ओळखलं."

"घरचे ओळखणारच, मॅडम."

वहिनीने फोन ठेवला आणि मशीनवर बसली. पण त्या दिवशी शिलाई सरळ येईना. दोनदा उसवावी लागली.

संध्याकाळी नवरा कपडे बदलत होता. ती म्हणाली, "अहो, तुम्ही ओळखलंत ना मला?"

तो बराच वेळ बटणाशी झटत राहिला. "पिशवी दिसली तेव्हा."

"त्याआधी हसलात."

"तू आहेस हे कुठे माहीत होतं गं!"

"तेच म्हणतेय. दुसऱ्या कुणाची तरी बायको समजून हसलात."

तो पलंगाच्या कडेला बसला. "चुकलं माझं," म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "मी बोलतो त्याच्याशी."

"तुम्ही नका. मीच सांगेन."

पुढच्या रविवारी दीर आला. वहिनीने ताटं वाढली आणि त्याच्यासमोर बसून सरळ सांगून टाकलं. त्याचा घास हातातच राहिला.

"वहिनी, शप्पथ सांगतो, तुम्ही आहात हे माहीत असतं तर..."

"हे ऐकलंय मी. तुमच्या दादाकडूनच."

त्याचा चेहरा पार उतरला. मग, बोलायचं म्हणून असेल किंवा खरंच वाटलं म्हणून, त्याने विचारलं, "तेव्हा फार दम लागला होता का?"

"दम नव्हता लागला. फोन आला होता. ताई गेल्याचा."

नवऱ्याने मान वर केली. फोन पुलावर आला होता, हे तिने तेव्हाच त्याला सांगितलं होतं. टीव्हीवर दिसला तो हाच क्षण, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"भाचा म्हणाला, मावशी, आई गेली. आणि मी काय विचारावं? म्हटलं, तिने काही खाल्लं होतं का रे? तो म्हणाला, कालपासून काहीच नाही. म्हणून थांबले होते मी. पाय उचलत नव्हते."

मुलगी उठली आणि आईला अगदी चिकटून बसली. दिराच्या ताटातलं अन्न तसंच निवत होतं. एरवी वहिनीने त्याला आग्रह केला असता. आज तिने केला नाही. आपलं ताट पुढे ओढलं आणि सगळ्यांसमोर सावकाश जेवायला लागली.