अंगठा दाखवला की वर

कलेक्टरने आम्हा दोघींना चक्क फसवून त्या बेटावर नेलं. कलेक्टर म्हणजे आमची मैत्रीण. हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीत बसते, पण रुबाब असा की मोठमोठे डॉक्टरसुद्धा तिच्याशी जपून बोलतात. मला म्हणाली, "पन्नाशी आली आपली. आता नाही तर कधी? समुद्राच्या तळाशी जाऊन येऊ, तू आणि मी." मी एका पायावर तयार झाले. पाण्याखाली काय असतं ते बघायची मला लहानपणापासून हौस, आणि तोवर मी ते फक्त बादलीत डोकं घालून बघितलं होतं. पाच दिवसांची सुट्टी, दोन दिवसांचं शिक्षण, मग खरीखुरी बुडी! आदल्या आठवड्यात मी अंघोळीच्या वेळी नाक धरून श्वास रोखायचा सराव केला. श्वास रोखायचा नसतोच, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

बेटाच्या धक्क्यावर उतरले, तर समोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन सुई बसलेली. सुईशी मी चार वर्षं बोलत नव्हते.

सुई हे नाव तिला पेशंट लोकांनी दिलं. अठरा वर्षं आम्ही दोघी हॉस्पिटलात शेजारशेजारच्या टेबलांवर रक्त काढायचो. माझ्या टेबलावर लोक "आई गं!" म्हणायचे आणि तिच्या टेबलावर "झालं?" म्हणून विचारायचे. इतका हलका हात. मला सगळे लवंगी म्हणतात, ते का हे सांगत बसत नाही. मग आम्ही दोघींनी मिळून स्वतःची लॅब काढायचं ठरवलं. खोली बघितली, भिंती आपल्या हातांनी रंगवल्या, फ्रिज आला, खुर्च्या आल्या, दारावर दोघींच्या नावांची पाटी लागली. आणि लॅब उघडायला चार दिवस राहिले असताना तिचा मेसेज आला: 'मला जमणार नाही. कारण विचारू नकोस.'

ऐन वेळी अंगठा दाखवला तिने मला. आणि मी कारण न विचारता गप्प बसणार? दिवसातून दहा फोन केले. दारात जाऊन उभी राहिले. तिच्या नवऱ्याला धारेवर धरलं, तो बिचारा चपला शोधायच्या निमित्ताने आत गेला तो बाहेर आलाच नाही. ती आपली एकच धरून बसली, "नाही जमणार." शेवटी मी पाटीवरचं तिचं नाव ब्लेडने खरवडून काढलं आणि अबोला धरला. लॅब मी एकटीने चालवली. बरी चालते. पण रोज कुलूप काढताना त्या खरवडलेल्या जागेवर नजर जाते आणि डोक्यात तेच सुरू होतं, का? मला तिची माफी नको होती. मला फक्त कारण हवं होतं.

बेटावर आम्हा तिघींना एकच खोली होती. तीन खाटा, एक कुरकुरणारा पंखा, खिडकीबाहेर दोन पावलांवर वाळू. कलेक्टरने बॅग मधल्या खाटेवर टाकली. "मी मध्ये झोपते, म्हणजे तुम्ही एकमेकींना चावणार नाही."

"तिला सांग, साबण खिडकीत ठेवलाय," मी म्हणाले.

"ऐकलं तिने. चार फुटांवर आहे ती."

परत जायची पहिली बोट दुसऱ्या दिवशी होती, नाहीतर मी त्याच पावली फिरले असते. पण सकाळी खिडकी उघडली आणि समोर असं हिरवं, निळं, आरपार दिसणारं पाणी होतं की माझा राग मला जरा अडचणीचाच वाटायला लागला.

शिकवणारा माणूस तिशीतला, उन्हाने रापलेला, मोजकं बोलणारा. कलेक्टरने पाच मिनिटांत त्याचे 'गुरुजी' करून टाकले. त्यांची बायकोही पाण्यात उतरायची. पहिल्या दिवशी गुरुजींनी सगळ्यांचे तब्येतीचे फॉर्म घेतले. सुईने फॉर्मबरोबर डॉक्टरांची घडी घातलेली चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली, मान डोलावली आणि खिशात ठेवली. ब्लडप्रेशर असेल, मी मनात म्हटलं.

"पाण्याखाली बोलता येत नाही," गुरुजींनी सुरुवात केली.

"यांचं आधीपासूनच चालू आहे ते," कलेक्टर म्हणाली.

मग खुणा. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की सगळं ठीक. पंजा आडवा धरून डुलवला की काहीतरी गडबड आहे. "आणि हा अंगठा," गुरुजी म्हणाले, "म्हणजे वर जायचं. सगळे इथेच चुकतात. अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, अंगठा म्हणजे 'वर'. आणि जोडीदाराने अंगठा दाखवला की आपणही लगेच त्याच्याबरोबर वर यायचं. का, कशासाठी, थांब जरा, असलं काही नाही. कारण विचारायचं नाही. वर आल्यावर त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल."

"अंगठा दाखवण्यात काहीजणी आधीच तरबेज आहेत," मी कलेक्टरकडे बघत म्हणाले. सुई मांडीवर मूठ आवळून बसून राहिली.

जोड्या लावताना गुरुजींनी मला आणि सुईलाच एकत्र टाकलं. मी कडाडून विरोध केला. "ताई, उंची, वजन, सगळं जुळतंय तुमचं," ते म्हणाले. कलेक्टर त्यांच्या बायकोबरोबर गेली, तेही खुशीत हात हलवत.

पाण्याखालच्या पहिल्या श्वासाचं मी काय सांगू! कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून बसलो. तोंडात रबरी नळी, पाठीवर टाकी, कमरेला शिशाचा पट्टा. डोकं पाण्याखाली घातलं, आणि सगळं अंग ओरडून सांगत होतं, वेडे, आत्ता श्वास घेऊ नकोस. मी घेतला. हवा आली! परत घेतला, परत आली! मी तिथेच नळी चावून हसायला लागले आणि मास्कमध्ये पाणी शिरलं. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले, "लांब श्वास घ्या, काही होणार नाही," आणि ते इतकं खरं असतं हे मला तेव्हा कळलं. दोन दिवस आम्ही तेच करत होतो. मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढ, नाक दाबून कान मोकळे कर, सुटलेली नळी शोधून परत तोंडात घाल. संध्याकाळी खोलीत खुर्च्यांच्या पाठींवर ओले कपडे, तिघींची बोटं सुरकुतलेली, आणि मी अखंड बडबडत होते. अर्थात कलेक्टरशी. सुई पलीकडून ऐकत असायची आणि मला ते ठाऊक असायचं.

तिसऱ्या दिवशी होडीतून लांब गेलो. दोराला धरून एकेक हात खाली. वरचं ऊन खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होतं. पिवळे मासे, काळ्या रेघांचे मासे, एक अख्खा थवा माझ्या हातापायांमधून निघून गेला आणि कुणीही मला हात लावला नाही. मी इतकी खूश होते की काय बघू आणि काय नको असं झालं होतं. गुरुजींनी वळून सगळ्यांना गोल दाखवला. आम्ही गोल दाखवले. तेवढ्यात तोल सांभाळायला सुईने पंजा पसरला, आणि तो पंजा डुलत होता.

गडबड! गुरुजी थांबले, तिच्याजवळ गेले, मास्कमधून डोळ्यांत बघितलं. तिने झटकन मूठ मिटली आणि दुसऱ्या हाताने गोल केला. ते मान हलवून पुढे निघाले. माझं मात्र डोकं सणकलं. घाबरली ही, मी मनात म्हटलं. आता अंगठा दाखवणार, आणि मलाही हिच्यामागे वर जावं लागणार. परत ऐन वेळी! त्या निळ्याशार पाण्यात मी तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. मास्कमधून वटारलेले डोळे दुप्पट मोठे दिसतात, एवढंच समाधान.

आणि मग कासव दिसलं. आमच्या लॅबमधल्या टेबलाएवढं. खडकाला टेकून काहीतरी खुडून खात होतं, आणि आम्ही तीन हातांवर असताना त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! राग, अबोला, पाटी, सगळं विसरले मी. त्या क्षणी ते कुणालातरी सांगायलाच हवं होतं, आणि माझ्या शेजारी सुई होती. मी तिच्याकडे वळून दोन्ही हातांचे अंगठे वर केले. दोन्ही, कारण मला कुठलीच गोष्ट अर्धवट जमत नाही.

सुईने कासवाकडे पाठ केली. एका झेपेत माझ्याजवळ आली, माझा हात पकडला, गुरुजींना अंगठा दाखवला आणि मला घेऊन वर निघाली.

मी मान हलवली. गोल दाखवले, एक, दोन, दहा. 'गैरसमज झाला' याची खूण आम्हाला कुणी शिकवली नव्हती. गुरुजीही आमच्याबरोबर आले. खाली कलेक्टर आणि गुरुजींची बायको कासवाशेजारी थाटात तरंगत राहिल्या. सुई हळूहळू, बुडबुडे सोडत, शिकवलं होतं अगदी तसं मला वर आणत होती. वर येताना पाच मीटर खोलीवर तीन मिनिटं थांबायचं असतं. एका हाताने तिने दोर धरला आणि दुसऱ्या हाताने मला.

तेव्हा मला तो हात कळला. आधी वाटलं, पाण्याची ओढ असेल. मग वाटलं, थंडी वाजत असेल. पण तीस वर्षं मी लोकांचे हातच धरत आले आहे. भीतीने थरथरणारा हात जरा धरून ठेवला की शांत होतो. हा होत नव्हता. मी घट्ट धरला, तरी तो माझ्या मुठीत थरथरत राहिला. दोरावरचा हातही तसाच. सुईचे हात. ज्यांना लोक "झालं?" म्हणून विचारायचे, ते हात. तीन मिनिटं संपायच्या आत मला सगळं समजलं आणि मी रडायला लागले. पाण्याखाली रडू नये कुणी. नाक बंद असतं आणि तोंडात नळी.

वर आल्यावर गुरुजींनी विचारलं, "काय झालं, ताई?"

"विचारू नका हो तिला," सुई मध्येच म्हणाली. "आधी श्वास घेऊ दे."

"काही झालं नाही," मी म्हणाले. "मी... छान म्हणत होते."

गुरुजींनी स्वतःचं डोकं पाण्यात बुडवलं आणि बराच वेळ तसेच राहिले. सुई हसायला लागली. चार वर्षांनी तिचं हसणं ऐकलं मी.

"अगं, एवढं कासव सोडून आलीस!"

"तू अंगठा दाखवलास ना."

"मग विचारायचंस तरी!"

"विचारायचं नसतं ना, लवंगी," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोलले असते.

होडीचा दोर धरून आम्ही लाटेबरोबर वरखाली होत होतो. माझ्या जिभेवर प्रश्न आला होता आणि मी तो गिळला. चार वर्षांत पहिल्यांदाच. मग तीच बोलली.

"पाटी लागायच्या दोन महिने आधी सुरू झालं. जिवाला धोका नाही म्हणतात, नुसता कंप आहे. पण एका बाईला तीनदा टोचावं लागलं मला. मला, कळतंय ना?" तिने तोंडावरचं पाणी पुसलं. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तू नुसती बस गं, मी काढते रक्त. आणि तुझ्या शेजारी नुसतं बसायला मला जमलं नसतं."

मी अगदी तेच, त्याच शब्दांत म्हणाले असते.

कलेक्टर वर आली ती ओरडतच. "बावळटांनो! एवढं कासव सोडून गेलात! माझ्या मास्कला नाक लावलं त्याने!" मग तिने आम्हा दोघींच्या तोंडांकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्यावर थांबली.

तासाभराने दुसरी टाकी पाठीवर चढली. होडीच्या कडेला आम्ही दोघी उडी मारायला बसलो, तर सुईची मूठ परत मांडीवर आवळलेली. मी तिचं मनगट धरलं, पालथं होतं ते उताणं केलं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना म्हणते तेच म्हणाले, "हं, मूठ सोडा."

अठरा वर्षांची सवय. तिने सोडली.

खाली कासव तिथेच होतं. गुरुजींनी गोल दाखवला, सुईने मोकळ्या हाताने थरथरता गोल दाखवला, आणि तो इतका स्पष्ट होता की मी पाण्यात टाळी वाजवायचा प्रयत्न केला. कासवाने खडक सोडला आणि पोहत सरळ आमच्याकडे यायला लागलं. मी श्वास विसरले, परत आठवला. आता दोन हातांवर होतं. आता एका. तेवढ्यात सुईने माझ्या खांद्याला हात लावून अंगठा दाखवला.

मी कासवाकडे पाठ केली आणि तिच्याबरोबर वर निघाले. कारण मी अजून विचारलेलं नाही.