हात टेकायची जागा

मी बोलतेय, हॉलच्या मधोमध उभी असलेली लाकडी घोडी. दचकू नका. माझं तोंड जन्मापासून उघडंच कोरलंय, पण ऐकायला कुणाला सवड असेल तर ना!

एका बागेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या पाळण्यावरची मी. ज्या कारागिरानं मला घडवलं त्यानं फळ्या चिकटवून आधी एक पोकळ पेटी केली, ते माझं पोट. डोकं आणि पाय वेगळे. जोडणी होईपर्यंत माझं डोकं नुसतंच त्याच्या बाकावर ठेवलेलं असायचं आणि मी टकमक त्याच्याकडे बघायची. काय हात होते ते! पटाशी फिरायची आणि कोरड्या लाकडावर शीर उमटायची. माझी नाकपुडी कोरताना तो स्वतःचीही फुगवायचा.

त्यानं सगळी नक्षी माझ्या उजव्या अंगावर केली. फुलं, झालरी, वाऱ्यावर उडणारी आयाळ. पाळणा फिरताना बाहेरच्या लोकांना तेवढंच अंग दिसतं. डावं अंग मात्र सपाट. "आतलं कोण बघतंय?" असं म्हणून त्यानं पटाशी खाली ठेवली. मला असा राग आला होता!

पण जगणं सगळं त्याच अंगाच्या वाट्याला आलं. मुलं तिकडूनच चढायची. मूल लहान असलं की आई, बाबा, मामा, कुणीतरी तिथेच शेजारी उभं राहायचं. एक हात मुलाच्या पाठीशी, दुसरा माझ्या मानेवर. "मी कशाला घाबरतोय!" म्हणणारे बाबालोक तर पाळणा सुटला की माझी मान अशी आवळायचे, की त्यांनाच धीर द्यावासा वाटायचा.

हंगाम सुरू व्हायच्या आधी रंगारी यायचा आणि जुन्या रंगावर नवा चढवायचा. आधी मी राखाडी होते. मग निळी झाले, मग लाल, मग पिवळी. पिवळ्याच्या वेळी त्या बहाद्दरानं माझा एक डोळाही रंगवून टाकला.

पुढे बाग बंद पडली. आम्हाला एका गोदामात एकावर एक रचून ठेवलं. तिथे माझा कान तुटला, शेपूट उंदरांनी नेलं. किती काळ गेला ते विचारू नका. अंधारात मोजायचं तरी कशावरून?

तिथून मला आत्यानं आणलं. आत्या म्हणजे जुने लाकडी घोडे जमवणारी बाई. तिची भाची तिच्याच कारखान्यात घोडे दुरुस्त करते आणि तिला आत्या म्हणते, म्हणून सगळेच तसं म्हणतात. आत्याची पद्धत ठरलेली. आलेला घोडा पार लाकूड दिसेपर्यंत सोलायचा, खड्डे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायचे, चकचकीत रंग द्यायचा, आणि साधं अंग भिंतीकडे करून कारखान्याच्याच हॉलमध्ये उभा करायचा. समोर पाटी : हात लावू नये.

माझी पाळी आली. रविवारी पाहुणे घोडे बघायला येणार होते. भाची ओल्या फडक्यानं माझ्या डाव्या मानेवरची काजळी पुसत होती. पुसता पुसता थांबली. भिंग घेऊन आली. "अगं आई गं," ती पुटपुटली. मग तिनं चक्क आरसा आणून माझ्यासमोर धरला. "बघ बाई, तुझं तूच बघ."

माझ्या मानेवर खळगा पडला होता. रंग लागायचा, हातांनी झिजायचा. पुन्हा लागायचा, पुन्हा झिजायचा. मधोमध उघडं लाकूड, त्याच्याभोवती राखाडी कडं, मग निळं, लाल, कडेला पिवळं. झाड असताना माझ्या पोटात अशीच वलयं होती. ती उन्हापावसानं दिलेली. ही माणसांच्या तळहातांनी दिली होती, आणि त्यांतल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. मी थक्क झाले.

"आत्या, हिला सोलायचं नाही."

"का? हिला काय सोनं लागलंय?" आत्यानं चष्मा वर केला. "झिजलंय ते. लांबी भर."

"लांबी? अगं, किती माणसांचे हात आहेत हे!"

"असतील. ती बाजू भिंतीलाच लागणार आहे."

"तेच तर! भिंतीलगतच्या सगळ्यांच्या मानेवर हे असणार. तू न बघताच घासून टाकलंस."

"मोठ्यांची अक्कल काढायला शिकवतात वाटतं कॉलेजात? मी घोडे जमवत होते तेव्हा तू दुपट्यात होतीस."

"म्हणजे तेव्हापासून चुकतेयस!"

आत्याचा चेहरा लाल झाला. रंग उतरवायच्या औषधाचा डबा उघडाच होता. तिनं त्यात ब्रश बुडवला. "सरक. मीच करते."

ती माझ्या डाव्या अंगाला आली. गुडघे कुरकुरले. तोल सावरायला तिनं डावा हात पुढे केला आणि माझ्या मानेवर टेकला. बरोबर त्या खळग्यात.

भाची एरवी हळू बोलणाऱ्यांतली नाही. या वेळी मात्र हळूच म्हणाली, "आत्या, तुझा हात."

आत्यानं पाहिलं. तळवा खळग्यात बसला होता, अंगठा कडेला. तिनं हात उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा तिथेच बसला. ब्रशवरून औषध जमिनीवर ठिबकत होतं.

"कुणाची गं ही जागा?"

"सगळ्यांची."

आत्यानं डब्याला झाकण लावलं. मग भिंतीकडे जाऊन पहिला घोडा ओढू लागली. "धर की! बघत काय राहिलीस?" दोघींनी तो वळवला. आत्यानं त्याच्या मानेवर हात फिरवला. गुळगुळीत. दुसराही गुळगुळीत. तिसऱ्याला तिनं हात लावला नाही, त्याच्या पायाशी बसून राहिली.

"मला कुणी सांगितलंच नाही गं," ती म्हणाली. भाची तिच्या शेजारी जाऊन बसली.

आता मी मधोमध उभी आहे, चहूकडून दिसेन अशी. कान तुटकाच आहे, रंग ठिकठिकाणी उडालेला. खळग्यावर भाचीनं पारदर्शक वार्निशचा पातळ थर दिलाय. झिजला की पुन्हा देणार आहे. माझ्यापुढची पाटी आत्यानं स्वतः काढली.

तेव्हा या. फुलं लांबूनही दिसतील. तुम्ही आतल्या बाजूनं या, आणि जरा हात टेका. माझं शेवटचं वलय अजून पुरं व्हायचंय.