मधलं पान

वेनेटानं लोण्याच्या सुरीचं टोक पिनेखाली घातलं, पिन उचकटली, मधलं पान ओढून काढलं आणि पिन अंगठ्यानं दाबून पुन्हा बसवली. चाळीसेक पुस्तिका झाल्या होत्या, अजून शंभरावर बाकी होत्या. चर्चच्या स्वयंपाकघरात तिच्या पाठीमागे बायका चिकन तळत होत्या. अंत्यविधीला पाऊण तास होता आणि तिनं तेवढ्यात चार वेळा घड्याळ पाहिलं.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तिचे वडील हसत होते. ल्यूशस प्रूइट, वय एक्क्याऐंशी, नट. मधल्या पानावर ओडेसा आत्यानं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, जीवनकथा म्हणून त्यांच्या सगळ्या भूमिका छापून घेतल्या होत्या. पन्नास वर्षांच्या त्रेसष्ट भूमिका. कोर्टातला शिपाई. बसचालक. दुसरा पोलीस. तिसरा चोर. दवाखान्यात थांबलेला माणूस. त्यातल्या एकालाही नाव नव्हतं.

काल एका वाहिनीनं बातमी दिली, तीही बारा सेकंदांची, आणि फोटो लावला दुसऱ्याच एका काळ्या नटाचा. तो बिचारा जिवंत आहे. त्याच्या घरी फुलं गेली म्हणे. चर्चमधले लोक हसले, आपल्याला सवय आहे म्हणाले. वेनेटाला हसू आलं नाही. आदल्या दिवशी अटलांटाहून विमानानं येऊन ती वडिलांच्या घरात, आपल्या जुन्या खोलीत झोपली होती, म्हणजे नुसती पडली होती, आणि पहाटेपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

ओडेसा आत्या आत आली. डोक्यावर चर्चच्या सेविकांची पांढरी टोपी, हातात पांढरे हातमोजे. तिनं पानांचा ढीग पाहिला, सुरी पाहिली.

"कुणाला विचारून?" ती म्हणाली.

"लोकांनी हे वाचायचं? दुसरा पोलीस, तिसरा चोर? अख्खं आयुष्य घालवून माणसानं एवढंच केलं, हे छापून वाटायचं?"

"काळ्या माणसाला नाव द्यायला शाई महाग होती गं तेव्हा. त्यात त्याचा काय दोष?"

वेनेटानं पुढची पिन उचकटली. ती बोटात घुसली. बोट तोंडात धरून ती म्हणाली, "एक्केचाळिसावी ओळ वाचलीस तू?"

आत्यानं वाचली होती. तिनंच तर लिहिली होती. तिसऱ्या रांगेतला बाप.

वेनेटाच्या पदवीदानाच्या दिवशी डॅडी आले नव्हते. आदल्या संध्याकाळी त्यांना एका दिवसाच्या कामाचा फोन आला आणि ते गेले. काम काय, तर कुणा परक्या पोरीच्या खोट्या पदवीदानाला तिसऱ्या रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायच्या. रात्री घरी येऊन त्यांनी हे तिला स्वतःच सांगितलं, आणि वर म्हणाले, "मी तुझ्यासाठीच वाजवत होतो." महिनाभरात तिनं अटलांटाला नोकरी धरली आणि लॉस एंजेलिस सोडलं. या गोष्टीला तीस वर्षं झाली. नाताळला फोन व्हायचे, तब्येतीपाण्याचं बोलणं व्हायचं, त्यापलीकडे एक शब्द नाही.

"तुला ती एक ओळ काढायचीय," आत्या म्हणाली. "मग बाकीच्या बासष्ट जणांना का ओढतेस?"

उत्तराची वाट न बघता तिनं पान न काढलेली एक पुस्तिका उचलली, पर्समध्ये टाकली आणि हातमोजे चढवत निघून गेली. तिनं आरडाओरडा केला असता तर वेनेटाला बरं वाटलं असतं. मग वेनेटानं उरलेल्या सगळ्या पुस्तिकांतलं पान काढलं आणि ढीग कचऱ्याच्या डब्यात, चिकनच्या उरलेल्या पिठाखाली दाबला.

या चर्चमध्ये मृताची जीवनकथा कुणी मोठ्यानं वाचत नाही. पुस्तिकेत 'मनात वाचावी' असं छापलेलं असतं. पियानो हळू वाजतो, लोक पान उलटतात, ज्यानं त्यानं आपापलं वाचायचं आणि आपापलं रडायचं. त्या दिवशीही पियानो सुरू झाला. पण लोकांनी पान उलटलं आणि ते थेट शेवटच्या प्रार्थनेवर पोचले. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. सगळीकडे कागदांची सळसळ. तिसऱ्या बाकावर बसलेल्या अर्लीन मेब्रीबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही अख्ख्या सभागृहाला ऐकू जातं.

"मधलं पान कुठंय?" त्या म्हणाल्या. "माझ्या क्लिफ्टनचं पान कुठंय?"

कोण क्लिफ्टन, वेनेटाला कळेना. तिनं मान खाली घातली. तिच्या काळ्या बाहीवर पीठ होतं. ते तिनं झटकलं, ते आणखी पसरलं.

ओडेसा आत्या उठली, पर्समधली पुस्तिका तिनं पाद्री गेन्स यांच्या हातात दिली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. पाद्रीबुवांनी पियानो थांबवायची खूण केली. छापखान्यात घोटाळा झालेला दिसतो, ते म्हणाले. एकच पूर्ण प्रत आहे, तेव्हा आज मनात वाचायच्याऐवजी ल्यूशसची मुलगी आपल्याला वाचून दाखवील.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. लोकांनी मनातल्या मनात वाचून सोडून दिलं असतं, ते आता तिला स्वतःच्या तोंडानं, माइकसमोर वाचायचं होतं. ती उठली. दीडशे माणसं, हातातले कागदी पंखे, समोर बंद शवपेटी. झटपट उरकून टाकू, असं ठरवून तिनं सुरुवात केली.

"कोर्टातला शिपाई."

"क्लिफ्टन मेब्री," तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

वेनेटा थांबली. म्हातारीला भ्रम झाला असेल, असं वाटून तिनं पुढची ओळ घेतली.

"बसचालक."

"ओझेल टिब्स," मागून एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला. "मीच तो. अजून आहे."

तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या सरळ समोर बघत होती. सांगितलं ते पाद्रीबुवांनी, तेही अगदी रोजचं सांगावं तसं. ल्यूशसला बिननावाचा माणूस उभा करता यायचा नाही. काम मिळालं की रविवारी प्रार्थनेनंतर तो कुणातरी एकाला गाठायचा आणि विचारायचा, मंगळवारपुरतं तुमचं नाव नेऊ का? नाव चिठ्ठीवर लिहून बुटात ठेवायचा. पडद्यावर दहा सेकंद दिसायचा, पण तेवढ्यात क्लिफ्टनसारखा चालायचा, ओझेलसारखा खाकरायचा. कुणाचं माणूस गेलेलं असलं तर मुद्दाम त्याचंच नाव मागायचा. "तुला माहीत नव्हतं?" पाद्रीबुवांनी विचारलं. तिनं मान हलवली. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"दुसरा पोलीस."

"विल्बर्ट गूच," दोन बायका एकदमच म्हणाल्या. बहिणी असाव्यात.

"तिसरा चोर."

चर्चचे कारभारी होझिया टब्स जागचे उठले आणि त्यांनी कोटाचं बटण लावलं. "मी आयुष्यात एक नारिंगही चोरलेलं नाही," ते म्हणाले. "पण नाव माझंच." सभागृह हसलं, पंखे हलले. वेनेटालाही हसू आलं.

मग वाचणं तिच्या हातात राहिलं नाही. ती भूमिका म्हणायची आणि कुठून तरी नाव यायचं. काही नावं उभी राहायची, काही नावं बायका डोळे पुसत सांगायच्या. मघाशी याच लोकांना तिनं पिठाखाली दाबलं होतं. तिनं पान दोन्ही हातांनी धरलं.

"तिसऱ्या रांगेतला बाप," तिनं वाचलं.

कुठूनही नाव आलं नाही.

ती थांबली. ओझेल टिब्सनी आजूबाजूला पाहिलं, मेब्रीबाईंनी कानामागं हात धरला. एक पंखा थांबला, मग सगळेच थांबले. वेनेटानं आत्याकडे पाहिलं, आणि माइक समोर आहे हे विसरून विचारलं, "हे नाव कुणाचं?"

"त्यानं त्या दिवशी कुणाकडे मागितलं नाही," ओडेसा आत्या बसल्या जागेवरून म्हणाली. "मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, या वेळी लागत नाही."

वेनेटानं ओळीवर बोट ठेवलं. पिन घुसली होती तेच बोट. घाई करायला कुणी सांगितलं नाही.

"ल्यूशस प्रूइट," ती म्हणाली.

मग तिनं बोट खाली सरकवलं आणि पुढची ओळ वाचली.

"लिफ्टवाला."