लॅब्राडॉरला सोडलेला रोजा

आमच्या ह्यांच्यासारखा माणूस सबंध बहरीनमध्ये शोधून सापडायचा नाही. नाव जमालुद्दीन. तोंडाने मी घेत नाही, लिहायला हरकत नाही. बारा वर्षं अस्करजवळच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेन चालवली. वितळलेल्या धातूचं भांडं माणसांच्या डोक्यावरून नेऊन ठरल्या जागी अलगद ठेवतील, पण घड्याळातला एक तास काही ह्यांना मोजता आला नाही.

१९८३ची गोष्ट. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यातले सात रमजान मी रत्नागिरीजवळ सासरी काढले, ह्यांनी इकडे बॅचलर कॅम्पात. त्या वर्षी पहिल्यांदाच मी आणि लेक बिल्किस तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आलो. मनामा शहरात रहिमतुल्लाभाई आणि त्यांची बायको अकीला यांच्या घरातली एक खोली आम्ही घेतली होती. रहिमतुल्लाभाई ह्यांच्याच कंपनीत, ऑफिसात क्लार्क. बिल्किस सहा वर्षांची. पहिले आठ दिवस ती स्वतःच्या बापाला काका म्हणत होती आणि हे गृहस्थ त्यावर हसत होते. मला हसू आलं नाही.

कंपनीचा नियम सरळ होता. फोरमन झालात तर फॅमिली व्हिसा आणि क्वार्टर. क्रेनवर राहिलात तर बायकापोरं कोकणात. फोरमनची एक जागा रिकामी होती, आणि ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणलं की ती ह्यांचीच, असं साहेबाने तोंडी सांगितलं होतं. आता हे सर्टिफिकेट मिळणार कुठे? तर कॅनडाच्या पार पूर्व टोकाला लॅब्राडॉर नावाचा मुलूख आहे, तिथल्या एका कारखान्यात. पाच दिवसांचं ट्रेनिंग. साऱ्या दुनियेत ह्या लोकांना दुसरीकडे कुठे क्रेन दिसली नाही. आणि मुहूर्त काय काढला, तर ऐन रमजान.

मी डोक्यात राख घालून घेतली.

"सात रमजान एकटीनं काढलं मी. ह्यो आठवापण एकटीनंच काढू काय?"

"आगो, पाच दिसांचा तर प्रश्न हाय. आन् मुसाफिराला रोज्याची सूट हाय. मौलवीसाहेब बोलले."

"सूट घ्या तुम्ही. तिकडं बसून चा-पाव खावा. मी हितं एकटी सोडतंय रोजा."

ह्यांचा चेहरा पडला. मला तेवढ्याने समाधान झालं नाही. मी म्हटलं, रोजा ठेवायचा, आणि मी इथे सोडीन त्याच घडीला तुम्ही तिथे सोडायचा. घड्याळ बहरीनचं राहील, त्याला हात लावायचा नाही. आणि बिल्किसच्या डोक्यावर हात ठेवून कसम घ्यायला लावली. मौलवीसाहेबांनी ऐकलं असतं तर दोघांचे कान उपटले असते. ह्यांनी निमूट हात ठेवला.

लंडन झालं, माँट्रियल झालं. माँट्रियलला काउंटरवरच्या बाईने सांगितलं, बहरीनच्या घड्याळातून सात तास वजा करा. ह्यांनी ते तिकिटाच्या पाकिटावर लिहून घेतलं. एवढं लिहून घेतल्यावर माणसाला आपण फार हुशार झालो असं वाटतं. पुढचं विमान ह्यांना लॅब्राडॉरमधल्या एका विमानतळावर सोडून गेलं. तिथून छोट्या विमानाने कारखान्याच्या गावाला जायचं होतं.

त्या विमानतळाचं वर्णन हे अजून करतात, जसं काही मक्का बघून आले. आमच्या गावची शाळा बरी, एवढीशी ती इमारत. जून महिना, तरी भिंतीच्या कडेला मळका बर्फ. बाहेर मैलोगणती नुसती खुरटी झाडं. आत पंधरा-वीस माणसं, सगळी एकमेकांना ओळखणारी, आणि त्यांत आमचे हे, कंपनीचं जाकीट घालून, बहरीनचा खजूर खिशात घेऊन. रात्री दहालाही उजेड असतो म्हणे तिथे. म्हणजे आभाळ बघून वेळ ओळखायचीही सोय नाही.

भिंतीवर घड्याळ नव्हतं का? होतं, ताटाएवढं होतं. ह्यांच्या हिशेबाने ते एक तास पुढे होतं. आता शहाण्या माणसाने कोणाला तरी विचारलं असतं. ह्यांनी निकाल दिला, की ह्या रानातल्या लोकांचं घड्याळ बिघडलेलं आहे. खरी गोष्ट अशी, की लॅब्राडॉरची वेळ माँट्रियलच्या एक तास पुढेच असते. बहरीनमधून सात नव्हे, सहा तास वजा करायचे होते.

छोटं विमान दुपारी साडेबाराचं. मनगटावर बहरीनचे साडेसहा वाजत आले, म्हणजे ह्यांच्या मते इथले साडेअकरा. तासभर हाताशी आहे अशा ऐटीत हे इमारतीच्या मागे गेले. तिथे वारा कमी होता. मी मनामात अकीलाच्या शेजारी बसून खजूर तोंडात घातला, तेव्हाच ह्यांनीही घातला. मग अंदाजाने किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, धरून नमाज पढले. सलाम फिरवून नमाज संपवला तेव्हा डोक्यावरून एक छोटं विमान गेलं. ह्यांनी ते कौतुकाने बघितलं म्हणे.

पुढचं विमान दोन दिवसांनी होतं. ते धुक्यामुळे चौथ्या दिवशी गेलं. हे पोचले तेव्हा ट्रेनिंगचा शेवटचा दिवस होता. बाकीच्यांनी सर्टिफिकेटं घेतली, ह्यांनी टाळ्या वाजवल्या. फोरमनची जागा पुढे दुसऱ्याला गेली.

ह्यांनी खरं काय ते मला एकटीला सांगितलं, बाकी सगळ्यांना एकच. विमानतळावर झोप लागली. कॅम्पात, मशिदीत, कंपनीच्या बसमध्ये तोच विनोद झाला. कोणी जांभई दिली तरी लोक ह्यांच्याकडे बघायचे. मीही बायकांत बसून ह्यांची नक्कल करत होते, डोळे मिटून, मान टाकून. बायका पोट धरून हसायच्या.

व्हिसाचे अकरा दिवस उरले होते तेव्हा रहिमतुल्लाभाई दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, एक सांगू? साहेब वाईट नाय. त्याने जमालला बोलावून विचारला, तिकिटाचा घोळ असेल तर लिहून दे, रोजा-नमाजाचा काय असेल तर तोपण लिही, मी ऑक्टोबरच्या बॅचला तुला परत धाडतों, जागापण तंवर भरत नाय. मी समोर टाइपरायटरवर होतों. जमाल बोलला, झोप लागली. साहेबाने तीनदा विचारला. तीनदा झोपच."

संध्याकाळी मी ह्यांना धरलं. "खरं कशाला नाय बोललांत?"

"खरं म्हंजे काय? मौलवीसाहेबांनी सूट दिलेली, तरी रोजा कशाला ठेवलास, घड्याळ कशाला नाय फिरवलास, लोक इचारतील. मग तुझा नाव येणार. अख्खी मनामा बोलेल, बायकोनं नवऱ्याचं वाटोळं केलान. मला हसतात ते बरा. खलास."

"पण अजून जागा भरली नाय म्हणतात ना? जरा ऑफिसात..."

"जागा काल भरली," हे म्हणाले. "ऑक्टोबरची बॅच अजून हाय, सर्टिफिकेट आणला तर पुढची जागा मिळंल. पन साहेबाला आता मी कंच्या तोंडानं सांगू?"

ह्यांच्या तोंडाने नाही, माझ्या तोंडाने सांगता आलं असतं. रहिमतुल्लाभाई पलीकडच्याच खोलीत होते, सकाळी साहेबासमोर बसणार होते. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ईद होती. मग सामान बांधायचं निघालं, आणि मग अकरा दिवस संपले. लोकांना मी बिनडोक म्हणते, हे मला आधी स्वतःला म्हणायला हवं होतं.

बहरीनच्या मुहर्रक विमानतळावर आम्हाला सोडायला दहा-बारा जण आले होते. बिल्किस ह्यांच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. तिची बोटं ह्यांच्या कॉलरमधून एक एक करून सोडवावी लागली. रडारड फार झाली तेव्हा अकीलाने वातावरण हलकं करायला म्हटलं, "मसूदा, ईमानात जागी रहा गो. नायतर नवऱ्यासारखी झोपशील आन् भलत्याच गावाला उतरशील."

सगळे हसले. हेसुद्धा हसले, डोळे पुसत. रहिमतुल्लाभाई तिथेच उभे होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं.

मी मान टाकली, डोळे मिटले आणि घोरून दाखवलं.